दोन दुरुस्त प्रतींचा मेळ

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ग्रंथालयाच्या शताब्दीसारख्या प्रसंगी संतवाङ्मय, नाटक किंवा कादंबरी यांवरचे व्याख्यान अपेक्षित असते. आजचा विषय वरवर पाहता त्या वाटेचा नाही. एकाच फाईलवर दोन माणसांनी स्वतंत्रपणे केलेले बदल संगणकाला एक आज्ञा देऊन एकत्र कसे आणावेत, असा तो आहे. तरीही तो ग्रंथालयाच्या दारातूनच आत आलेला आहे. कारण हस्तलिखितांच्या जगात ज्याला पाठनिश्चिती म्हणतात, त्याच व्यवहाराचे हे धाकटे भावंड आहे. एका ग्रंथाच्या दोन प्रती दोन हातांनी सुधारल्या. दोन्ही हात जाणकार, दोन्हींचा हेतू शुद्ध. आता दोघांचेही श्रम सार्थकी लागतील अशी एक प्रत कशी सिद्ध करावी, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

मराठीला हा प्रश्न नवा नाही. नकलांवर नकला होत गेल्याने ज्ञानेश्वरीत जे अपपाठ शिरले, ते दूर करून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, शुद्ध प्रत तयार केली, असे परंपरा सांगते. पुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये, हा इशाराही परंपरेने त्यांच्याच नावावर जपला आहे. १९०९ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीची एक संहिता प्रसिद्ध केली. तिचा आधार असलेली पोथी एकनाथपूर्व आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशा ठिकाणी अभ्यासकापुढे पुनःपुन्हा येणारा पेच एकच असतो. एका पोथीत असलेली ओवी दुसरीत नाही. ती पहिल्या पोथीच्या लेखकाने पदरची घातली, की दुसऱ्या पोथीच्या लेखकाच्या हातून गळली? केवळ दोन पोथ्या शेजारी ठेवून याचे उत्तर मिळत नाही. प्रक्षेप आणि गळती यांचे बाह्य रूप एकच असते : इथे आहे, तिथे नाही.

याच पेचाला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत फार मोठ्या प्रमाणावर तोंड दिले. १९१९ साली आरंभलेले ते कार्य १९६६ साली पूर्ण झाले. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेले डॉ. वि. सी. सुखटणकर यांनी १९३३ साली आदिपर्व सिद्ध केले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते या कामी पाहिली गेली. पाठ ताडून पाहण्यासाठी आखलेले तक्ते वापरले जात. प्रचलित पाठ वरच्या ओळीत अक्षराअक्षराने मांडायचा आणि त्याखाली एकेका पोथीतील भेद तेवढे त्या त्या घरात नोंदवायचे, अशी ती पद्धत. पुण्याबाहेर शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही हे काम चाले. मराठी राजांनी वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयाचा त्यात वाटा होता, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेरच्या मराठी ग्रंथालयाने अभिमानाने आठवावी अशी आहे.

आता या भव्य उद्योगावरून एका लहान खोलीत यावे. ग्रंथालयाची सूची संगणकावर चढविली जात आहे, अशी श्रोत्यांनी कल्पना करावी. सूचीची एक फाईल आहे. दोन कार्यकर्ते तिची एकेक नक्कल घरी नेतात. एक जण कादंबऱ्यांच्या नोंदी दुरुस्त करतो, दुसरा चरित्रग्रंथांच्या. सोमवारी पहिला आपली प्रत कचेरीतील संगणकावर जुन्या फाईलच्या जागी ठेवतो. मंगळवारी दुसराही तेच करतो. त्या क्षणी पहिल्याचे सारे काम नाहीसे होते. भांडण नाही, लबाडी नाही, कुणाचा निष्काळजीपणाही फारसा नाही. जुन्या नावाखाली नवी फाईल बसली, इतकेच. पोथ्यांच्या जगात निदान जुनी पोथी कुठेतरी माळ्यावर राही आणि शंभर वर्षांनी एखाद्या संशोधकाच्या हाती लागे. इथे मागे काही उरत नाही, आणि काही हरवले आहे हेही पुष्कळदा कळत नाही. श्रमांचा असा मूक लोप टाळणे, हा या सर्व साधनांच्या जन्मामागचा हेतू आहे.

पहिला उपाय ग्रंथालयाला परिचित असाच निघाला. पुस्तकाची एकच प्रत असेल तर एका वाचकाने नेल्यावर इतरांनी थांबायचे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली ‘एससीसीएस’ ही पद्धती तयार केली आणि पुढे वॉल्टर टिची यांनी पर्ड्यू विद्यापीठात ‘आरसीएस’ ही पद्धती रचली. तिचे वर्णन १९८२ साली प्रसिद्ध झाले. फाईलच्या प्रत्येक अवस्थेची नोंद ठेवणे हा दोन्हींचा मोठा गुण. बदल करू इच्छिणाऱ्याने आधी फाईलला कुलूप लावायचे, काम झाल्यावर ते काढायचे, हा दोन्हींचा रिवाज. तो सुरक्षित खरा, पण कुलूप लावून गावी गेलेला माणूस सर्वांचेच काम अडवून ठेवतो.

या अडचणीतून निघालेली वाट सांगण्यासारखी आहे. ॲम्स्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातील डिक ग्रून हे आपल्या दोन विद्यार्थ्यांसह १९८४ ते १९८५ या काळात एका संगणकीय भाषांतरकावर काम करीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच असा नियमाने काम करणारा, दुसऱ्याला वेळेचे बंधन नाही, आणि ग्रून यांना सवड मिळे ती संध्याकाळची. तिघांच्या वेळा जुळत नसल्याने कुलुपाची पद्धत निरुपयोगी ठरली. मग त्यांनी आरसीएसच्याच आधारावर काही आज्ञावल्या लिहिल्या. प्रत्येकाने आपली प्रत घेऊन मुक्तपणे काम करावे, मेळ नंतर घालावा, असे त्यांचे सूत्र होते. १९८६ साली त्या सर्वांसाठी खुल्या झाल्या आणि ‘सीव्हीएस’ या नावाने पुढे जगभर वापरल्या गेल्या. आधी परवानगी, मग लेखन, हा क्रम उलटून आधी लेखन, मग मेळ, असा झाला. तीन माणसांच्या वेळापत्रकाने हा पालट घडविला.

मेळ घालण्याची विद्या मात्र त्याआधीच तयार झाली होती. तिचा पाया दोन फाईलींतील भेद शोधण्यात आहे. बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांचे ‘डिफ’ हे साधन १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडले. त्यामागील रीत जेम्स हंट आणि मॅकिलरॉय यांनी १९७६ साली लिहून प्रसिद्ध केली. कल्पना सुबोध आहे. दोन्ही फाईलींत त्याच क्रमाने येणाऱ्या समान ओळींची शक्य तितकी लांब माळ शोधायची. माळेत न बसलेली ओळ फक्त पहिल्या फाईलीत असेल तर ती गेली म्हणायचे, फक्त दुसरीत असेल तर ती आली म्हणायचे. साधनाला शब्दांचा अर्थ ठाऊक नसतो; ते ओळीला ओळ जुळते का, एवढेच पाहते.

परंतु डिफला दोनच फाईली दिसतात, म्हणून पोथ्यांचा तो जुना पेच इथेही कायम राहतो. एका प्रतीत ओळ आहे, दुसरीत नाही, हे ते सांगेल. ती एकाने घातली की दुसऱ्याने काढली, हे सांगण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही. त्यासाठी तिसरा कागद हवा. दोघांनी ज्या प्रतीवरून आरंभ केला, ती मूळ प्रत हवी. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आलेले ‘डिफ३’ हे साधन एकदम तीन फाईली ताडून पाहते. आरसीएसमधील ‘मर्ज’ ही आज्ञा त्याच तत्त्वावर उभी राहिली, आणि २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या ‘गिट’मध्येही एका फाईलीचा असा मेळ घालणारी ‘मर्ज-फाईल’ नावाची आज्ञा आहे. नावे बदलली तरी तत्त्व तेच राहिले.

ते तत्त्व चार वाक्यांत मावते. एखाद्या ठिकाणी तिन्ही प्रती सारख्या असतील तर प्रश्नच नाही. मूळ आणि एक प्रत सारखी, दुसरी वेगळी, असे असेल तर बदल दुसऱ्या व्यक्तीने केला आहे, तो स्वीकारावा. दोघांनी मुळापासून दूर जाऊन नेमका एकच बदल केला असेल तर मतभेद नाही. दोघांनी मुळापासून दूर जाऊन वेगवेगळे बदल केले असतील तर ते विरोधस्थळ आहे; तिथे यंत्राने थांबावे आणि माणसाला विचारावे.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका वाचनालयाच्या नियमांची फाईल अशी आहे :

वाचनकक्ष सकाळी आठ वाजता उघडेल.
वर्तमानपत्रे कक्षातच वाचावीत.
सभासदास एका वेळी दोन पुस्तके मिळतील.
ग्रंथ हाताळताना स्वच्छता राखावी.
पुस्तक पंधरा दिवसांत परत करावे.

कार्यवाहांनी आपल्या प्रतीत ‘आठ’चे ‘सात’ केले आणि ‘पंधरा’चे ‘दहा’. ग्रंथपालांनी आपल्या प्रतीत ‘दोन पुस्तके’ची ‘तीन पुस्तके’ केली आणि ‘पंधरा’चे ‘वीस’. दोघांना एकमेकांच्या कामाची वार्ता नाही. आता संगणकाला आज्ञा द्यायची. आधी डिफ३ हे नाव, त्यापुढे मेळ घालण्याची खूण म्हणून ‘एम’ हे अक्षर, आणि मग तीन फाईलींची नावे. आधी कार्यवाहांची, मधे मूळ, शेवटी ग्रंथपालांची. पहिल्या ओळीत ग्रंथपालांची प्रत मुळासारखीच असल्याने ‘सात’ स्वीकारले जाते. तिसऱ्या ओळीत कार्यवाहांनी हात लावलेला नाही, म्हणून ‘तीन पुस्तके’ स्वीकारली जातात. पाचव्या ओळीशी यंत्र थांबते आणि असे लिहून देते :

<<<<<<< कार्यवाह
पुस्तक दहा दिवसांत परत करावे.
||||||| मूळ
पुस्तक पंधरा दिवसांत परत करावे.
=======
पुस्तक वीस दिवसांत परत करावे.
>>>>>>> ग्रंथपाल

तीन पाठ एकाखाली एक, प्रत्येकाचा धनी कोण तेही सांगितलेले. यंत्राने दहा आणि वीस यांची सरासरी काढलेली नाही, अधिकाराने मोठा कोण हे पाहिलेले नाही, नंतर आलेला बदल खरा असेही मानलेले नाही. निर्णय ज्यांचा आहे त्यांच्यापुढे त्याने कागद ठेवला आहे. कार्यवाह आणि ग्रंथपाल यांनी बसून एक आकडा ठरवावा, बाकीच्या ओळी आणि त्या खुणा पुसाव्यात, म्हणजे काम पुरे झाले. अशी स्थळे उरली की नाही हेही डिफ३ काम संपताना एका आकड्याने कळविते. शून्य म्हणजे मेळ निर्वेध बसला, एक म्हणजे विरोधस्थळे आहेत, दोन म्हणजे काम पारच पडले नाही.

महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची पाने ज्यांनी पाहिली असतील त्यांना या खुणा ओळखीच्या वाटतील. तिथे संपादकांना ज्या पाठाची पुरती खात्री नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ छापलेली असते. टाकलेले पाठभेद तळटीपांत असतात, मोठे प्रक्षेप परिशिष्टांत. वाचकाला गुळगुळीत पान देण्यापेक्षा संशयाची जागा उघडी दाखविणे, ही पाठचिकित्सेची सचोटी होय. अर्थाचे ज्ञान शून्य असलेल्या एका साधनात ही सचोटी शिस्त म्हणून बसविली गेली, हे त्याच्या कर्त्यांचे श्रेय आहे.

दोन व्यवहारांतील मोठा फरकही इथेच सांगितला पाहिजे. व्यासांची मूळ प्रत कोणाजवळ नाही. ज्ञानदेवांची मूळ प्रत कोणाजवळ नाही. म्हणून पाठचिकित्सकाला पोथ्यांची कुळे लावावी लागतात, कोणती कोणावरून उतरली याचा वंशवृक्ष मांडावा लागतो, आणि हरवलेल्या पूर्वजाचे रूप अनुमानाने उभे करावे लागते. जे काम भांडारकर मंदिराला जवळजवळ अर्धशतक पुरले, त्यातील फार मोठा भाग हा या एका अभावातून उत्पन्न झालेला आहे. संगणकावर काम करणाऱ्याजवळ मूळ प्रत असू शकते. ती जपून ठेवली तर मेळ क्षणात बसतो. ती टाकून दिली तर कालच्या फाईलीविषयीही सातशे वर्षांपूर्वीच्या पोथीइतकेच अज्ञान पदरी येते.

या साधनांच्या वापरातले काही धोके व्यवहारातले आहेत. फाईलींचा क्रम महत्त्वाचा. मूळ प्रतीचे नाव मधे न घालता चुकून पहिल्या जागी घातले आणि कार्यवाहांची प्रत मधे आली, तर यंत्र कार्यवाहांच्या प्रतीलाच मूळ समजते आणि त्यांनी केलेले बदल परत फिरविते. तेही तितक्याच निर्विकारपणे. दुसरे असे की डिफ३ आपला निकाल पडद्यावर किंवा सांगितलेल्या नव्या फाईलीत देते. मर्ज आणि गिटची मर्ज-फाईल या आज्ञा मात्र वेगळे सांगितले नसेल तर पहिल्या फाईलीवरच निकाल लिहितात. म्हणून तिन्ही प्रतींची एकेक नक्कल आधी बाजूला ठेवणे इष्ट.

गिटच्या या आज्ञेत विरोधस्थळे न दाखविता मिटविण्याच्याही सोयी आहेत. सर्व विरोधस्थळी आपलाच पाठ घे, किंवा सर्वत्र समोरच्याचाच घे, असे सांगता येते. दोन्ही पाठ एकापाठोपाठ घाल, असेही सांगता येते. पाठचिकित्सेला या तिन्ही वृत्ती पूर्वीपासून परिचित आहेत. एकच पोथी प्रमाण मानून बाकीच्यांकडे न पाहणारा संपादक पहिल्या दोन वृत्तींचा. दोन पोथ्या समोर ठेवून दोन्हींतले काही सोडायचे नाही म्हणून सारे एकत्र उतरवून घेणारा लेखक तिसऱ्या वृत्तीचा. त्याच्यामुळेच मिश्रपाठाची डोकेदुखी निर्माण झाली. ‘पुस्तक दहा दिवसांत परत करावे’ आणि लगेच खाली ‘पुस्तक वीस दिवसांत परत करावे’ अशी नियमावली भिंतीवर लागली, तर सभासद कोणता नियम पाळतील हे सांगायला नको. ज्या यादीत नुसती भर पडत जाते तिथे ही सोय उपयोगी आहे. जिथे निर्णय हवा तिथे ती घातक आहे.

याहून सूक्ष्म धोका वेगळा आहे. मेळ निर्वेध बसला, एकही विरोधस्थळ निघाले नाही, तरी झालेली संहिता चुकीची असू शकते. समजा, कार्यवाहांनी ‘आजीव सभासद’ हा वर्गच रद्द केला आणि आरंभीचा तो नियम काढून टाकला. त्याच सुमारास ग्रंथपालांनी शेवटी एक नवा नियम घातला : आजीव सभासदांना एक पुस्तक अधिक मिळेल. दोन बदल एकमेकांपासून दूर आहेत. यंत्र दोन्ही स्वीकारते. निघालेल्या नियमावलीत नसलेल्या वर्गाला सवलत दिलेली असते. सूचीतही असेच घडते. एकाने सर्व नोंदींतले जुने ‘नांव’ बदलून ‘नाव’ केले, त्याच वेळी दुसऱ्याने जुन्या लेखनाने पन्नास नव्या नोंदी घातल्या. मेळ बसतो, सूची मात्र दोन लेखनपद्धतींची होते. जिथे यंत्र थांबते तिथे लक्ष जाते. जिथे ते थांबत नाही तिथेच संपादकाने सर्वांत सावध राहायला हवे. विरोधस्थळे मिटली म्हणजे संपादन संपले, असा समज करून घेणाऱ्याने पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचन करावे. या वाचनाला पर्याय निघालेला नाही.

समान ओळींची पुनरावृत्ती हाही एक सापळा आहे. अभंगातले ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर पूर्ण लिहिले असेल, किंवा फाईलीत कोऱ्या ओळी पुष्कळ असतील, तर कोणती ओळ कोणत्या ओळीशी जुळवायची याबद्दल यंत्राची गफलत होऊ शकते. तिसऱ्या कडव्याचे ध्रुवपद ते चौथ्याच्या ध्रुवपदाशी जोडते. डिफ३ प्रचारात येऊन जवळजवळ तीन दशके झाल्यावर, २००७ साली, संजीव खन्ना, केशव कुणाल आणि बेंजामिन पिअर्स यांनी त्याच्या वागण्याची गणिती चिकित्सा प्रसिद्ध केली. या साधनाबद्दल जे गुण सर्वांनी सहज गृहीत धरले होते, त्यांतले काही प्रत्यक्षात सर्वत्र टिकत नाहीत, असे तिच्यातून दिसून आले. रोज हाताशी असलेल्या हत्याराचीही चिकित्सा करावी लागते, हा त्यातला धडा.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. पहिली ओळीविषयी. ही साधने ओळ हे एकक धरतात. ओवी किंवा श्लोक ओळीओळीने लिहिलेला असतो, तिथे हे एकक सोयीचे पडते. गद्याचा परिच्छेद संगणकावर पुष्कळदा एकच लांबलचक ओळ म्हणून साठविला जातो. मग एकाने परिच्छेदाच्या आरंभी एक वेलांटी सुधारली आणि दुसऱ्याने शेवटी एक शब्द बदलला, तरी सारा परिच्छेद विरोधस्थळ ठरतो. उपाय सोपा आहे. एक वाक्य संपले की नवी ओळ धरावी. छापताना त्या ओळी पुन्हा जोडून घेता येतात.

दुसरी गोष्ट लिपीविषयी. ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठविता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्ताचे चिन्ह. दुसऱ्या प्रकारात नेहमीचा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न पाठ होत. दोन कार्यकर्त्यांचे कळफलक वेगळे असतील, तर डोळ्यांना न दिसणारी विरोधस्थळे शेकड्यांनी उगवतात आणि खरा मतभेद त्यांच्यात हरवून जातो. म्हणून काम वाटून घेण्यापूर्वी लेखनाची एकच रीत ठरवावी. महाभारताच्या चिकित्सकांनाही शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा लिप्यांतील पोथ्या एका लिपीत आणूनच ताडून पाहाव्या लागल्या. तीच शिस्त इथे लहान प्रमाणावर हवी. तसेच ही साधने साध्या मजकुराच्या फाईलींसाठी आहेत. अक्षरांचे आकार, रंग, तक्ते यांसह मजकूर गुंडाळून ठेवणाऱ्या लेखनप्रणालींच्या फाईलींत त्यांना ओळ सापडत नाही.

हे सारे शंभर वर्षांच्या ग्रंथालयाने कशासाठी जाणून घ्यावे? जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत दुर्मीळ पुस्तके आहेत, हाताने लिहिलेल्या नोंदवह्या आहेत, काहींत मोडी कागद आहेत. ते संगणकावर चढविण्याचे काम एकट्यादुकट्याचे नाही. कोणी मोडीचे लिप्यंतर करील, कोणी ते तपासील, कोणी दूरच्या गावाहून एखादे चुकीचे वाचन सुधारून पाठवील. या सर्व हातांचे श्रम एका संहितेत यायचे असतील, आणि एकाच्याही श्रमांचा मूक लोप व्हायचा नसेल, तर तीन पथ्ये पाळावीत. काम वाटून देण्यापूर्वीची मूळ प्रत तारीख घालून वेगळी ठेवावी आणि तिला कोणी हात लावू नये. बदल करणाऱ्याने आपली प्रत आपल्या नावानिशी परत द्यावी. जुन्या फाईलीच्या जागी परस्पर बसवू नये. मेळ घातल्यावर विरोधस्थळांचा निर्णय ज्याला तो विषय कळतो त्याने करावा, आणि संपूर्ण संहिता एकदा माणसाने वाचावी.

यांपैकी पहिले पथ्य सर्वांत सोपे आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. सुधारलेली प्रत हाती आली की मूळ प्रतीची किंमत कोणाला वाटत नाही. तिच्यात चुका असतात, ती अपुरी असते, ती ठेवून करायचे काय, असा प्रश्न पडतो. उत्तर हे की दोन सुधारकांनी काय सुधारले हे सांगू शकणारी साक्ष तिच्याखेरीज दुसरी कोणतीही नाही. ग्रंथालये हे काम शतकानुशतके करीत आली आहेत. नवी आवृत्ती आली तरी पहिली आवृत्ती रद्दीत न घालणे, हा ग्रंथपालाचा धर्मच आहे. संगणकाच्या खोलीतही तोच धर्म पाळला जावा.

ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकात असे पुष्कळ हात एकाच संहितेवर एकत्र येवोत, ही शुभेच्छा.